घरचा जनरेटर : मॉर्गनच्या तळघरापासून आपल्या अंगणापर्यंत

२००६ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चुलत बहिणीचे लग्न होते. भारनियमनाचे ते दिवस वाचकांना आठवत असतील. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे आणि जी येई ती रात्री-अपरात्री. काकांनी तालुक्याच्या गावाहून रॉकेलवर चालणारा एक छोटा जनरेटर भाड्याने आणला होता. तो घराला जोडायचा कसा, हा प्रश्न आला तेव्हा मांडववाल्याच्या पोऱ्याने एक वायर काढली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे ओटीवरच्या सॉकेटमध्ये, झाले काम! "फक्त मेन स्विच तेवढा पाडा," असे त्याने सांगितले. मी त्या वेळी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करीत होतो. ती वायर सॉकेटमध्ये मीच खोचली.

संध्याकाळी सात वाजता जनरेटर सुरू झाला. घरातले दिवे लागले आणि क्षणात मंदावले. यंत्र गुदमरल्यासारखे घरघरू लागले. समोरच्या घरातून आवाज आला, "आली का हो लाईट?" त्यांच्याकडचा बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला होता. मेन स्विच पाडायचा राहून गेला होता! आमचा तो लहानसा जनरेटर आमच्या घराला नव्हे, तर अख्ख्या आळीला वीज पुरवू पाहत होता. दहा-पंधरा सेकंदांत तो बंद पडला, सगळे हसले, स्विच पाडला गेला आणि लग्न सुखरूप पार पडले.

दुसऱ्या दिवशी गावचे वायरमन चहाला आले. पन्नाशी ओलांडलेले, अबोल गृहस्थ. झालेला प्रकार कोणीतरी त्यांना गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. "काल साडेसहाला मी डीपीवर होतो. फ्यूज बांधत होतो. सातला उतरलो," एवढेच म्हणाले आणि कप खाली ठेवून निघून गेले.

त्या वाक्याचा पूर्ण अर्थ मला कळला, कारण ट्रान्सफॉर्मरचे गणित मी अनेकदा सोडवलेले होते. मग वायर खोचताना ते का आठवले नाही? या प्रश्नाने मला घरगुती जनरेटरच्या इतिहासाकडे नेले. पाठ्यपुस्तकात हा इतिहास फॅरेडेपाशी सुरू होऊन फॅरेडेपाशीच संपतो. प्रत्यक्षात तो फार लांब आहे, आणि आज घरासाठी जनरेटर घेताना जे जे प्रश्न पडतात ते सगळे त्यात पूर्वीच येऊन गेलेले आहेत.

फिरती तबकडी आणि उरलेले चुंबकत्व

मायकेल फॅरेडे याने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारांच्या साहाय्याने विद्युत् प्रवर्तनाचा शोध लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली आणि तिच्या अक्ष व कडेपासून सलग वाहणारा प्रवाह मिळवला. हा जगातला पहिला जनरेटर. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसच्या इपोलित पिक्सी या उपकरण-कारागिराने दांड्याने चुंबक फिरवण्याचे यंत्र बनवले. त्यातला प्रवाह अर्ध्या फेरीगणिक दिशा बदलत असे. तो एकाच दिशेने मिळावा म्हणून त्याने अँपियरच्या सूचनेवरून दिक्परिवर्तक बसवला.

या यंत्रांची अडचण ही होती, की पोलादी कायम चुंबक दुबळे असत. विद्युत्-चुंबक वापरावा तर त्याला प्रवाह देण्यासाठी बॅटरी हवी. मग वीज निर्माण करायला आधी वीज हवी, असा पेच! तो सुटला १८६६-६७ च्या हिवाळ्यात, आणि एकाच वेळी अनेकांच्या हातून. इंग्लंडमध्ये व्हार्ली व व्हीटस्टन आणि जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांच्या लक्षात आले, की मऊ लोखंडात एकदा चुंबकत्व आले की त्याचा अगदी थोडा अंश मागे उरतो. यंत्र फिरवले की त्या अंशामुळे अत्यल्प प्रवाह निर्माण होतो. तोच चुंबकाच्या वेटोळ्यात सोडला की चुंबक किंचित बळकट होतो, त्यामुळे प्रवाह वाढतो, आणि असे करीत यंत्र स्वतःला स्वतःच उभे करते. याला डायनॅमो हे नाव मिळाले.

ही काही केवळ परीक्षेपुरती माहिती नाही. वर्षभर अडगळीत पडून राहिलेला जनरेटर कधी कधी नीट फिरतो, पण वीज देत नाही. मेकॅनिक येतो, बॅटरीची दोन टोके क्षणभर त्याच्या चुंबक-वेटोळ्याला लावतो आणि यंत्र कामाला लागते. ती काही जादू नसते. उरलेसुरले चुंबकत्व नाहीसे झाले होते, ते त्याने परत दिलेले असते. म्हणूनच महिन्यातून एकदा तरी जनरेटर थोड्या भारावर चालवावा, असे सांगतात.

आणखी एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्रामचे डायनॅमो मांडले होते. एक चालू असताना त्याच्या तारा दुसऱ्या, स्थिर असलेल्या डायनॅमोला जोडल्या गेल्या आणि तो आपोआप फिरू लागला. जनरेटर उलटा वापरला की मोटर होते, हे त्या वेळी ठळकपणे लोकांसमोर आले. विद्युत्-यंत्रांचा हा उलटसुलट चालण्याचा गुण फार उपयोगी आहे आणि तितकाच घातकही. आमच्या लग्नघरात घडले ते याच गुणामुळे. त्याकडे आपण परत येऊ.

मॉर्गनसाहेबांचे तळघर

आज आपली समजूत अशी असते, की आधी सार्वजनिक वीज आली आणि ती जाऊ लागली म्हणून लोकांनी जनरेटर घेतले. इतिहास याच्या उलट आहे. विजेचे दिवे लागलेल्या पहिल्या घरांना स्वतःचाच जनरेटर होता, कारण विकत घ्यायला वीजच नव्हती. इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये विल्यम आर्मस्ट्राँग या उद्योजकाने १८७८ साली आपल्या क्रॅगसाइड या घरात ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या डायनॅमोने कमानदिवा लावला आणि १८८० मध्ये स्वानचे तंतुदिवे बसवले. एडिसननेही अशा स्वतंत्र घरांसाठी व कारखान्यांसाठी यंत्रे पुरवणारी वेगळी कंपनी काढली होती.

या काळातले सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवरील घराचे आहे. १८८२ साली त्यांनी एडिसनच्या माणसांकडून घरभर दिवे बसवून घेतले. मागच्या तबेल्याखाली तळघर खणून त्यात बाष्पित्र, वाफेचे इंजिन आणि डायनॅमो ठेवला आणि आवाराखालच्या विटांच्या बोगद्यातून तारा घरात नेल्या. हौस झाली, मग त्रास सुरू झाले.

पहिला त्रास माणसाचा. यंत्र चालवायला रोज दुपारी तीन वाजता एक जण येई, कारण वाफ तयार व्हायला वेळ लागे. तो रात्री अकराला घरी जाई. अकरानंतर पाहुणे बसले असले तर अंधारात! दुसरा त्रास आवाजाचा. शेजारच्या बाईंनी तक्रार केली की यंत्रामुळे त्यांचे घर थरथरते. मॉर्गनने यंत्राखाली रबराचे थर घातले, भिंतीलगत वाळूची पोती रचली. तक्रारी तरीही येत राहिल्या. बोगद्यावरची जमीन उबदार राहते म्हणून हिवाळ्यात भटकी मांजरे तिथे जमत. त्याचीही तक्रार झाली. तिसरा त्रास तारांचा. पुस्तकांच्या खोलीत टेबलावरच्या दिव्यासाठी गालिच्याखालून नेलेल्या तारेतून एके रात्री आग लागली आणि टेबल जळाले. मॉर्गनने तारा पुन्हा नीट बसवून घेतल्या आणि दिवे चालूच ठेवले.

आवाज, धूर, चालवण्याची कटकट, तारांची जोडणी: घरगुती जनरेटर घेणाऱ्याला आजही हेच चार प्रश्न पडतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाला ते सुटले नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला एडिसनचे पर्ल स्ट्रीट येथील वीजकेंद्र सुरू झाले. एका ठिकाणी मोठी यंत्रे, तिथेच धूर, तिथेच कामगार. घरात फक्त तार. पुढच्या चाळीस वर्षांत शहरांतले तळघरातले डायनॅमो गेले. भारतातही हेच घडले. कोलकात्याला १८९९ मध्ये सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

तार न पोहोचलेली घरे

मात्र तार खेड्यात पोहोचत नव्हती. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहांपैकी एकाच शेतघरात वीज होती. या घरांसाठी ओहायोतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग याच्या कंपनीने १९१६ मध्ये 'डेल्को-लाइट' हा संच बाजारात आणला. मोटारगाडीला विजेचा स्टार्टर देणारा तो हाच केटरिंग. संचात रॉकेलवर चालणारे एक सिलिंडरचे इंजिन, त्यालाच जोडलेला जनरेटर आणि काचेच्या बरण्यांतले शिसे-आम्लाचे सोळा घट असत. प्रत्येक घट दोन व्होल्टचा, म्हणून एकूण ३२ व्होल्ट. इंजिन काही तास चालवून घट भरायचे आणि एरवी शांतपणे घटांवर दिवे लावायचे. विचार केला तर आपल्या इन्व्हर्टरचा हा पणजोबाच! १९३५ नंतर ग्रामीण विद्युतीकरणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि तार आली तसे हे संच कोठारात गेले.

मोठ्या कामांसाठी इंजिन मिळाले ते रूडॉल्फ डीझेलकडून. हवा इतकी दाबायची, की ती तापून इंधन ठिणगीशिवाय पेटावे, ही त्याची कल्पना. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे झालेल्या चाचणीत त्याच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग कामात आणला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मेही साधत नसे.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध इथे येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. साताऱ्याच्या कूपर कारखान्यातही डिझेल इंजिने बनत. विहिरीवरचे ऑइल इंजिन आणि पिठाच्या गिरणीचा पुक-पुक आवाज हे आपल्या खेड्यांनी विजेच्या आधी ऐकले. पुढे त्याच इंजिनांना अल्टरनेटर जोडून सिनेमाच्या तंबूत, मांडवात आणि कारखान्यांत जनरेटर संच चालू लागले.

गेलेली वीज

'बॅकअप' ही कल्पना खरी रुजली ती तारेवरचा विश्वास बसल्यानंतर. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी नायगाराजवळच्या एका केंद्रातला एक संरक्षक रिले फार कमी मर्यादेवर लावलेला असल्याने सुटला. त्या वाहिनीवरचा भार इतरांवर पडला, त्याही सुटल्या आणि काही मिनिटांत अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडातील ओंटारिओ मिळून सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. काही भागांत तेरा तास. अनेक रुग्णालयांकडे पर्यायी वीजच नव्हती, हे त्या रात्री उघड झाले. रुग्णालये, विमानतळ, बोगदे यांच्यासाठी राखीव जनरेटर ही चैन नसून गरज आहे, हे त्यानंतर मान्य झाले.

योगायोग असा, की त्याच वर्षी जपानमध्ये होंडा कंपनीने हातात उचलून नेता येईल असा लहान जनरेटर विक्रीला आणला. त्याचा पहिला नमुना सोनी कंपनीच्या छोट्या टीव्हीला वीज देण्यासाठी बनवला गेला होता! १९८५ मध्ये भारतीय भागीदारीत होंडाचा उद्योग इकडे सुरू झाला, आणि पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायचे छोटे जनरेटर दुकानांच्या दारात दिसू लागले.

२००५ नंतर महाराष्ट्रात विजेचा तुटवडा तीव्र झाला. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्येच बंद पडला होता आणि मागणी वाढत होती. या काळात पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. शहराला कमी पडणारी वीज सुमारे ९० मेगावॅट होती. पुणे परिसरातल्या कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर होतेच. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी ते चालवावेत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यावी आणि डिझेलचा जादा खर्च महिन्याला ३०० युनिटांपेक्षा जास्त वापर असणाऱ्या घरांनी व इतर मोठ्या ग्राहकांनी उचलावा, अशी योजना वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने २००६ मध्ये अमलात आली. प्रत्येक घराने आपापला जनरेटर घेण्यापेक्षा ही व्यवस्था स्वस्तही होती आणि शांतही. अर्थात ज्या खेड्यांत असे कारखाने नव्हते त्यांना ती सोय नव्हती. आमच्या गावात त्याच उन्हाळ्यात मी ती दोन पिनांची वायर हातात धरली होती.

निवड : बेरजेपेक्षा थोडे अधिक

आता इतिहासाने दिलेले धडे घराच्या हिशेबात मांडू. पाच एलईडी दिवे (५० वॅट), तीन पंखे (२२५), टीव्ही (१००) आणि फ्रिज (२००) यांची बेरीज ५७५ वॅट होते. मग एक किलोवॅटचा जनरेटर पुरेल? नेहमी नाही. फ्रिजमधली मोटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाचपट किंवा अधिक प्रवाह ओढते. थांबलेली मोटर म्हणजे जवळजवळ नुसते वेटोळे. ती फिरू लागली की स्वतःच उलटा विद्युत्-दाब निर्माण करते आणि प्रवाह आटोक्यात येतो. ग्रामच्या उलट फिरणाऱ्या डायनॅमोचेच हे दुसरे रूप. म्हणजे फ्रिजसाठी २०० ऐवजी १००० वॅट धरले तर एकूण १३७५ होतात. जनरेटरवर क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते, शक्तिगुणक ०.८ धरला तर २ केव्हीए म्हणजे १.६ किलोवॅट. या घराला तो पुरेल.

यात एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप मिळवला, की सुरुवातीच्या क्षणाची मागणी आणखी पाच-सहा किलोवॅटने वाढते. एका पंपासाठी तिप्पट-चौपट किमतीचे यंत्र घेण्यापेक्षा वीज असताना टाकी भरून ठेवणे शहाणपणाचे. उलट, गरजेपेक्षा फार मोठे यंत्र घेण्यातही तोटा आहे. डिझेल इंजिन सतत अगदी कमी भारावर चालले तर पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि काजळी व चिकट तेल साठत जाते.

वारंवारतेचाही विचार हवा. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ आहे. दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला त्यासाठी मिनिटाला ३००० फेरे घ्यावे लागतात, चार ध्रुवांच्याला १५००. स्वस्त व हलकी यंत्रे बहुधा ३००० फेऱ्यांची असतात. ती जास्त आवाज करतात आणि लवकर झिजतात. भार बदलला तरी वेग तोच राखण्याचे काम गव्हर्नर करतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेल्या फिरत्या गोळ्यांचाच हा वंशज.

खर्चाचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट इतकी ऊर्जा असते. लहान संच तिच्यातला चौथा हिस्सा ते तीस टक्के भाग विजेत बदलतो. म्हणजे लिटरमागे अडीच ते तीन युनिट. आपल्या गावातला डिझेलचा भाव या आकड्याने भागावा आणि घरच्या वीजबिलातल्या दराशी ताडून पाहावा.

जागा : न दिसणारा धूर

मॉर्गनचा जनरेटर तळघरात होता. त्याच्या बाष्पित्राला धुराडे तरी होते. आजचे लहान जनरेटर अंगणात ठेवण्यासाठी बनवलेले असतात. पण पाऊस, चोरीची भीती किंवा शेजाऱ्यांची तक्रार यांमुळे लोक ते जिन्याखाली, बंद गाळ्यात, बाल्कनीत ठेवतात. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. डोके जड होते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. २०२० मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात लॉरा चक्रीवादळानंतर मृत्यूंची सुरुवातीची मोजणी झाली, तेव्हा त्यांतले निम्म्याहून अधिक मृत्यू वाऱ्यापावसाने नव्हे, तर घरांत किंवा घराला लागून चालवलेल्या जनरेटरच्या धुराने झालेले आढळले. खिडकी उघडी ठेवणे हा यावरचा उपाय नाही. यंत्र मोकळ्या जागी, दारे-खिडक्यांपासून दूर आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला, हाच उपाय.

आवाजासाठी आपल्याकडे २००२ मध्ये नियम झाला. १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल संचांचा आवाज, आवरणापासून एक मीटरवर, ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. म्हणून आता डिझेल संच मोठ्या कपाटासारख्या पेटीत बंद दिसतात. मॉर्गनच्या वाळूच्या पोत्यांचे काम त्या पेटीतला फोम करतो. मात्र पेटी आवाज अडवते, धूर नव्हे, हे विसरू नये.

जोडणी : तारेच्या पलीकडचा माणूस

आता त्या दोन पिनांच्या वायरीकडे परत जाऊ. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे रूपांतर घरच्या सुमारे २४० व्होल्टमध्ये करतो. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. ग्रामचा डायनॅमो जसा उलटा चालला, तसाच तोही चालतो. घराच्या बाजूने २४० व्होल्ट दिले, तर दुसऱ्या बाजूला दहा-अकरा हजार व्होल्ट उभे राहू शकतात. आमच्या आळीतल्या दिव्यांनी आमच्या जनरेटरला लोळवले, हे सुदैव. पण मधली तार तुटलेली असती किंवा शेजाऱ्यांचे फ्यूज काढलेले असते, तर यंत्र बिनबोभाट चालत राहिले असते, आणि 'लाईन बंद आहे' म्हणून खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात ती वीज गेली असती. शिवाय त्या वायरीचे एक टोक सॉकेटमधून निसटले तर उघड्या पिनांवर पूर्ण विद्युत्-दाब असतो, आणि मांडवात मुले धावत असतात.

यावरचा उपाय महाग नाही. त्याचे नाव चेंजओव्हर स्विच. त्याची मूठ एका बाजूला असली की घर वीजमंडळाच्या तारेला जोडलेले असते, दुसऱ्या बाजूला असली की जनरेटरला. आणि मधल्या स्थितीत कशालाच नाही. दोन्ही एकदम जोडले जाणे यांत्रिक रचनेमुळेच अशक्य होते. तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा असावा, जनरेटरच्या सांगाड्याला नीट अर्थिंग असावे आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. 'मेन स्विच पाडायचा' ही सूचना आणि हा स्विच यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. सूचना माणसाच्या आठवणीवर अवलंबून असते. लग्नघरात, पाहुण्यांच्या गर्दीत, संध्याकाळी सात वाजता, आठवण दगा देते. पीएच.डी. करणाऱ्याचीसुद्धा.

आज

२०१२ नंतर महाराष्ट्रातले भारनियमन बरेच कमी झाले. बहुतेक घरांत जनरेटरची जागा इन्व्हर्टरने घेतली आहे आणि छपरांवर सौर पट्ट्या येऊ लागल्या आहेत. अशा पट्ट्या बसवलेल्या एका शिक्षकमित्राने परवा मला तक्रारीच्या सुरात विचारले, "भर दुपारी ऊन आहे, पट्ट्या आहेत, मग वीज गेली की माझ्याही घरची वीज का जाते?"

कारण असे, की तारेला जोडलेला सौर इन्व्हर्टर सतत तारेवरची वीज तपासत असतो. ती नाहीशी झाली, की तो क्षणात स्वतःला बंद करतो. त्याने तसे केले नाही, तर छपरावरची वीज उलटी वाहून खांबावरच्या वायरमनपर्यंत पोहोचेल. वीज नसतानाही पट्ट्यांवर घर चालवायचे असेल तर बॅटरी आणि घर तारेपासून तोडणारा स्विच, अशी वेगळी रचना लागते. जे आम्ही २००६ मध्ये विसरलो, ते आता यंत्रातच बसवलेले आहे. मित्राला हे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग जाऊ दे की तासभर."

शिक्षकांना वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग सुचवतो. सायकलचा डायनॅमो घ्यावा. चाक उचलून हाताने फिरवावे. आधी दिवा न जोडता, मग जोडून. दिवा लागताच चाक जड होते, हे प्रत्येक मुलाने आपल्या हाताने अनुभवावे. मग एकाच वेळी आणखी दोन दिवे समांतर जोडावेत. दिवे मंदावतात. आमच्या आळीतला तो लाल झालेला बल्ब मुलांना तिथेच दिसेल. शेवटी खेळण्यातल्या दोन लहान मोटरी तारांनी एकमेकींना जोडाव्यात आणि एकीचा दांडा जोराने फिरवावा. दुसरी फिरू लागते. आता मोटरी न हलवता मुलांना विचारावे, यांतली कोणती जनरेटर आणि कोणती मोटर? उत्तर देताना मुले अडखळतील. मग खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवून त्यांना विचारावे, की त्या तारेत वीज नाही, असे आपण कशावरून म्हणतो.